हातापायांवरील चामखीळ : उपचार कसा करावा

चामखीळ हा मानवी पॅपिलोमा विषाणूचा त्वचेच्या वरच्या थरातील संसर्ग आहे. तो रक्त बिघडल्यामुळे होत नाही, म्हणून रक्तशुद्धीच्या काढ्यांवर पैसे घालवू नयेत. बेळगाव, खानापूर किंवा चिकोडीच्या औषध दुकानात मराठी शब्द कळला नाही, तर 'नरहुली' हा कानडी शब्द सांगावा.

तळपायावर चामखीळ आहे की कुरूप, हे आधी ठरवावे. त्वचेवरच्या बारीक रेषा चामखिळीपाशी तुटतात आणि वरची जाड कातडी घासल्यावर काळे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्यांना 'मूळ' समजून ब्लेडने कोरून काढणारे लोक विषाणू शेजारच्या त्वचेत पसरवतात.

लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे दुखत नसल्यास वाट पाहणे हाही उपचारच आहे. थांबायचे नसल्यास सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड प्रत्येकी सुमारे १६.७ टक्के असलेले पातळ औषध घ्यावे. रात्री ती जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, मऊ झालेली पांढरी कातडी कानशीने रक्त न येईल इतपत घासावी, भोवतालच्या निरोगी त्वचेला व्हॅसलीन लावावे आणि औषधाचा एकच थेंब नेमका चामखिळीवर ठेवून तो वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी वाळलेला पापुद्रा काढून पुन्हा तसेच करावे. हा क्रम सलग बारा आठवडे चालवावा लागतो. माझ्या मते औषधापेक्षा चिकाटी कमी पडल्यानेच तो अधिक वेळा फसतो. आग फार झाली, तर दोन-तीन दिवस थांबावे. कानशी दुसऱ्या कोणालाही देऊ नये आणि बाटली चुलीपासून दूर ठेवावी, कारण हे औषध पेट घेते.

चुना-सोड्याचा लेप, बिब्बा किंवा रुईचा चीक लावू नये. त्याने चामखीळ जाईलच असे नाही, परंतु भाजल्यासारखी जखम आणि कायमचा डाग मात्र राहू शकतो. चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीलाही धोका असतो.

बारा आठवड्यांत फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तेथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात आणि मध्ये फोड येणे स्वाभाविक असते. विद्युत्प्रवाहाने जाळण्याचा पर्यायही आहे, मात्र त्याने व्रण राहू शकतो. मधुमेही, पायाची संवेदना कमी झालेले रुग्ण आणि चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर चामखीळ असलेले लोक यांनी घरगुती प्रयोग न करता थेट डॉक्टरांना दाखवावे. रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा उतारवयात नव्याने उगवलेली गाठही दाखवावीच.

त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जाऊ लागल्या की औषध थांबवावे.