आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर
संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे नेटवर्कवरील उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून (घरी बहुधा राउटरकडून), उत्तर न आल्यामुळे तो यंत्राने स्वतःच घेतला आहे, असे समजावे. विंडोज आणि मॅकओएस असेच वागतात, लिनक्सवर मात्र अनेकदा पत्ताच दिसत नाही. हाताने स्थिर पत्ता भरण्याची घाई करू नये, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो. त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या उपकरणालाही पत्ता मिळत नसेल, तर दोष बहुधा राउटरकडे असतो, आणि वाटपासाठी ठेवलेले पत्ते संपले आहेत का, हेही तिथेच पाहावे. अडचण एकाच यंत्राची असल्यास विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा आधी 'रिलीज' व मग 'रिन्यू' पर्यायासह चालवावी. मॅकवर नेटवर्क सेटिंग्जच्या टीसीपी/आयपी विभागात डीएचसीपी लीज (ठरावीक काळापुरता मिळालेला पत्ता) नव्याने घेण्याचे बटण असते. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी.