कट आणि बँक: पूलमध्ये नेम कुठे धरायचा

पूलच्या टेबलावर नवा खेळाडू कट, म्हणजे रंगीत बॉलला पांढऱ्याच्या वाटेपासून तिरकं वळवणारा फटका, चुकवतो तेव्हा पांढरा बॉल बहुतेकदा जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त भरून, लागलेला असतो. पॉकेटच्या (टेबलाच्या भोकाच्या) रेषेत रंगीत बॉलच्या पाठीवर जो बिंदू येतो, त्याच्यावरच तो क्यू, म्हणजे खेळायची काठी, रोखतो. पण पांढऱ्याचा मध्य त्या बिंदूपर्यंत पोचतच नाही, त्याची कड आधी टेकते. असा मारलेला ३० अंशांचा कट प्रत्यक्षात साधारण १४.५ अंशांचाच होतो.

म्हणून रंगीत बॉलला मागून चिकटलेला आणखी एक बॉल कल्पनेत ठेवायचा. हा घोस्ट बॉल. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नेम रंगीत बॉलच्या मध्यापासून पॉकेटच्या रेषेत बरोबर ५७ मिलिमीटर मागे. सुरुवातीला कल्पनेवर विसंबू नका. तिथे खरा बॉल चिकटवून ठेवा, त्याच्या बुडाशी खूण म्हणून कागदाची छोटी रिंग लावा, मग तो उचला आणि पांढरा त्या रिंगवर पाठवा. एकाच जागेवरून वीसेक वेळा. रेषा उभ्यानेच ठरवायची. वाकल्यावर नेम चुकीचा वाटला तर हात वळवू नका, उठा आणि पुन्हा उभे राहा.

डोळ्याला आधार म्हणून हाफ बॉल पक्का करा: पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर रोखला की ३० अंशांचा कट. पांढऱ्याने पाऊण बॉल झाकला तर १४.५, पाव झाकला तर जवळपास ४९ अंश. यांच्यामधले कोन सरावाने दिसू लागतात.

एवढं करूनही हळू मारलेला कट जाडच जातो, आणि इथे बरेच जण उगाच आपल्या नेमाला दोष देतात. खरं कारण घर्षण. टक्कर होताना पांढरा रंगीत बॉलला थोडा आपल्याबरोबर ओढतो. याला थ्रो म्हणतात. हाफ बॉलच्या आसपास, हळू आणि बिनफिरकीच्या स्टन फटक्यात, म्हणजे पांढरा न लोळता घसरत आदळतो तेव्हा, तो सर्वांत जास्त जाणवतो. दिशा ३ अंशांनी चुकली तरी मीटरभरात बॉल ५ सेंटीमीटर सरकतो. कोपऱ्याचं पॉकेट जेमतेम दोन बॉल रुंद, त्यात एवढी सूट नसते. तेव्हा हळू स्टनला नेम किंचित पातळ, म्हणजे रंगीत बॉलच्या कडेकडे, धरा. जोरात किंवा फॉलो-ड्रॉ (पांढऱ्याला पुढची किंवा मागची फिरकी) देऊन मारलात तर थ्रो कमी होतो. मळके बॉल मात्र जास्त ओढतात.

बँक म्हणजे रंगीत बॉल कुशनवर, टेबलाच्या रबरी कडेवर, आपटून पॉकेटमध्ये पाठवणं. तिचा हिशेब प्रमाणाचा आहे, आणि तो मोजायचा डायमंडांत, म्हणजे कडेवरच्या समान अंतरावरच्या खुणांत. समजा बॉल कुशनपासून २ डायमंड, पॉकेट त्याच कुशनपासून ४ डायमंड, आणि कुशनच्या दिशेने दोघांत ३ डायमंडांचं अंतर. मग ३ गुणिले २ भागिले ६ (२ अधिक ४), म्हणजे बॉलपासून १ डायमंड पुढे उसळी हवी. बॉलचा मध्य त्या डायमंडच्या समोर आला पाहिजे. डायमंडवरच नेम धरलात तर तो अलीकडेच कुशनला टेकेल, कारण डायमंड रबराच्या मागे लाकडावर असतात.

हा हिशेब वेगावर हलतो. गडगडत गेलेला बॉल उसळल्यावर लांब, म्हणजे हिशेबाच्या जागेपलीकडे, जातो, कारण त्याची पुढची लोळण शिल्लक असते. जोरात, घसरत आदळलेला तोकडा, म्हणजे त्या जागेच्या अलीकडे, येतो. म्हणून नवख्याने एकच मध्यम वेग धरावा आणि त्याच वेगावर त्या टेबलाचं कुशन ओळखावं. फटका बदलून नेम दुरुस्त करायला गेलात की दोन्ही बिघडतात.

कट करून बँक मारताना रंगीत बॉलला फिरकी लागते. डावीकडे कट केलेला बॉल कुशनवरही डावीकडे तिरका जात असेल, तर तो तोकडा उसळतो, उजवीकडेही तसंच. बॉल कुशनला अगदी चिकटलेला असेल तर सरळ बँक टाळा, तो परत येऊन पांढऱ्यालाच धडकतो.