उंच चालकासाठी मोटरसायकलची बैठक: आधी सीट, मग हँडल, सर्वांत शेवटी फूटरेस्ट

गाडी घेताना उंच माणूस हमखास सीटची उंची विचारतो. स्प्लेंडरची 785 मिमी, क्लासिक 350 ची 805, एक्सपल्स 200 4व्हीची 825. हा आकडा जमिनीपासून मोजलेला असतो. पाय टेकतील का, एवढंच तो सांगतो. सहा फुटांच्या वरच्या चालकाचे गुडघे भरून येतात ते सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर कमी पडल्यामुळे, आणि ते अंतर माहितीपत्रकात सापडत नाही. म्हणूनच मागचे शॉकअप कडक करून काही हाती लागत नाही. सीटबरोबर फूटरेस्टही वर जातो, गुडघा होता तसाच दुमडलेला राहतो आणि खड्ड्यांत कंबरेला दणके बसतात ते वेगळेच.

पहिल्यांदा मोजून घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीचे बूट घालून बसा आणि कुणाला तरी बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. फोटोवर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत रेघा ओढून कोन पाहा. तो 80 अंशांच्या खाली असेल तर लांबच्या प्रवासात त्रास होणारच. 90 च्या आसपास आणायचा आहे. सव्वासहा फुटी माणसासाठी सीट 25 मिमी वर उचलली की गुडघा साधारण 3 ते 4 अंशांनी उघडतो. म्हणजे एका इंचाने थोडा आराम पडेल, चमत्कार होणार नाही.

सीट

फोम कापण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. योगा मॅटच्या घड्या घालून 25 मिमी, मग 40 मिमी जाडी करा, पट्ट्याने सीटवर घट्ट बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहा. कोणती जाडी हवी ते एका सकाळीच कळतं.

मग सीटवाल्याकडे जा, पण काम नीट सांगून करून घ्या. नुसता मऊ फोम वाढवला तर दोन महिन्यांत तो दबतो आणि उंची पुन्हा जाते. खाली कडक रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या फोमचा) थर आणि वर फक्त 10 मिमी मऊ फोम, असं सांगा. गम दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच दाबायचा. ओला असताना दाबला तर थर सरकतो. सीटचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा जास्त उचलायला लावा. बऱ्याच सीट टाकीकडे उतरत्या असतात आणि उंच माणूस ब्रेक मारताना पुढे घसरतो.

चालक आणि मागच्या सीटमध्ये उंचवटा असेल तर तो 40 ते 50 मिमी मागे सरकवून घ्या. मांडी लांब असणाऱ्याला हा बदल उंची वाढवण्याइतकाच मोलाचा ठरतो. मात्र मागची जागा पूर्ण काढू नका. आरसी पुस्तकात आसनसंख्या नोंदवलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्या नोंदीशी विसंगत बदलाला परवानगी देत नाही.

रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद टाकायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात सीट स्पंजासारखी पाणी धरते. रेक्झिन ठोकायच्या पिना 6 मिमीच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. लांब पिना सीटच्या प्लॅस्टिकमधून आरपार जाऊन फोममध्ये उभ्या राहतात.

हिमालयन 450 वाल्यांनी आधी कंपनीनेच दिलेली सोय वापरावी: सीट 825 वरून 845 मिमीवर बसवता येते. इथे चौकट जागेवर राहते आणि फक्त सीट उचलली जाते, त्यामुळे ही 20 मिमी वाढ थेट गुडघ्याला मिळते.

हँडल

सीट वर गेली की हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं वाटतं आणि सगळा भार मनगटावर येतो. सीट 30 मिमी उचलली असेल तर 20 ते 30 मिमीचा रायझर (हँडलखाली बसवून ते उंच करणारा ठोकळा) पुरतो; मागेही सरकला असाल तर हँडल थोडं मागे आणणारा रायझर घ्या. क्लॅम्पजवळ हँडलचा व्यास 22 मिमी आहे की 28, ते आधी मोजा. रायझरचे बोल्ट बहुधा एम8 (8 मिमी व्यासाचे) असतात. ते मूळ आट्यात किमान 12 मिमी शिरलेच पाहिजेत. दोन-तीन आट्यांवर अडकलेला बोल्ट ब्रेक दाबताना सुटला तर हँडल हातात येईल. बोल्ट ताकदीच्या 8.8 किंवा वरच्या ग्रेडचा असावा आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच आवळावा.

नुसतं हँडल मागे फिरवून उंची मिळवू नका. ग्रिपची टोकं खाली झुकतात आणि मनगट वाकडं होतं.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज जराही चढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे. क्लच लिव्हरच्या मुळाशी 2 ते 3 मिमी ढील दोन्ही टोकांना राहिली पाहिजे. ती संपली तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) तपासताना कुणाला तरी गाडीचं पुढचं टोक उचलायला सांगा, कारण फोर्क (पुढचे शॉकअप) पूर्ण उघडल्यावरच खरा ताण दिसतो. होज ताणलेला असेल तर रायझर कमी करा किंवा लांब होज बसवून घ्या. एबीएसच्या गाडीत हे काम घरी करू नये.

फार उंच हँडलाने पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. महामार्गावर हँडल हलकं, भिरभिरतं वाटलं तर 10 मिमी खाली या.

पाय

11-12 नंबरचा बूट गिअर लिव्हरखाली अडकतो. लिव्हरला जोडदांडी असेल तर दोन्हीकडचे लॉकनट सैल करून दांडी फिरवा. एका टोकाचा आटा सहसा उलटा असतो. दांडी नसेल तर लिव्हर काढून शाफ्टवर एक दातरा वर बसवा, बोल्ट मात्र पूर्ण बाहेर काढूनच. तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो. मागचं ब्रेक पेडल हलवलं तर ड्रम ब्रेकला 20 ते 30 मिमी ढील ठेवा आणि ब्रेक दिव्याचा स्विचही जुळवा. डिस्क असेल तर थोडी ढील राहूच द्या. ती संपवली तर ब्रेक घासत राहून तापतो.

फूटरेस्ट खाली आणणाऱ्या प्लेटा अगदी शेवटी. वळणावर त्या लवकर टेकतात आणि गिअर-ब्रेक दोन्ही पुन्हा जुळवावे लागतात. ॲडव्हेंचर गाड्यांच्या फूटरेस्टवरचं रबर निघत असेल तर आधी तेवढंच काढून पाहा. थोडी कंपनं वाढतील, पण जागा फुकटात मिळते.

वारा आणि आरसे

पुढची काच उंच माणसाच्या नेमक्या हेल्मेटवर वाऱ्याचा भोवरा आणून सोडते. काच काढून एक फेरी मारा. डोकं हलायचं थांबलं तर काच छोटी करा किंवा तिच्या खाली 20-25 मिमी फट ठेवा. त्या फटीतून आलेली हवा भोवरा मोडते.

आरशात खांदेच दिसत असतील तर एक्स्टेंडर (आरसा बाहेर सरकवणारा जोडतुकडा) लावा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचा आटा उलटा असतो, म्हणून जोर लावण्याआधी दिशा बघा. पहिल्या 100 किमीनंतर रायझरचे आणि लिव्हरचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.