मिरगाआधी मातीचे दोन नमुने काढा, एक नव्हे

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथे परसात किंवा शहराला लागून भाजी करणाऱ्यांनी मिरगाचा पाऊस लागण्याआधी माती शिसे, कॅडमियम अशा घातक धातूंसाठी तपासायला द्यावी. चिखलाचा नमुना नीट मिसळत नाही, आणि पहिल्याच सरीला रस्त्याची धूळ नि जाळलेल्या केराची राख वाफ्यात उतरते.

दरवर्षी तीच चूक होते: फक्त वाफ्याची माती पाठवतात. आकडा येतो, पण तो ताडायचा कशाशी? जांभ्या मातीत लोह मुळातच भरपूर, क्रोमियमही पुष्कळदा चढे. ते पाहून कोणी चांगली जमीन पडीक टाकतो, तर कोणी भरावातून आलेले शिसे ‘आपली मातीच अशी’ म्हणून खपवून घेतो. म्हणून दुसरा नमुना हवाच: त्याच जातीच्या, कधी न उकरलेल्या जमिनीचा. रस्ता, जुनी रंगवलेली भिंत, पत्र्याची पागोळी, केर जाळायची जागा यांपासून लांबचा.

- प्रत्येक नमुन्याला 8-10 ठिकाणे, खोली सगळीकडे 15 सेंमी
- जस्ती बादली किंवा खताची गोण वापरू नका
- सावलीत सुकवून अर्धा किलो
- बाहेरच्या मातीचा भराव घातला असेल तर त्याचा तिसरा नमुना वेगळा

सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत शिसे, कॅडमियम नाहीत; ते वेगळे मागा.

न बिघडलेल्या मातीत शिसे साधारण किलोला 10 ते 40 मिलिग्रॅम असते. वाफा मूळ मातीच्या तिप्पट निघाला तर बाहेरून काहीतरी आलेय असे समजा. हा आमचा ठोकताळा. शिशाचे पेट्रोल 2000 साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही, जुन्या रस्त्याकडेला ते अजून आहे. अमेरिकेने 2024 मध्ये घराच्या आवारातील मातीत शिशाची तपासणीची पातळी किलोला 400 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली. त्यावर आकडा गेला तर तिथे तांबडी भाजी, मुळा नको. भेंडी, दोडका त्यामानाने बरे. वाफ्यावर गवत किंवा चुडते पसरा, म्हणजे माती पानांवर उडणार नाही.

‘धातू शोषून घेणाऱ्या’ महागड्या बाटल्या घेऊ नका. शिसे त्याने जात नाही. आम्ल मातीचा सामू (pH) 6.5 पर्यंत आणला की पिकात शिसे, कॅडमियम कमी जाते: चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम चुनखडी पूड, अहवालात चुन्याची गरज दिली असेल तर तीच मात्रा. शहरी कंपोस्ट घेताना चाचणीचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात किलोला शिसे 100 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

भराव मागवलाय? ट्रक रिकामा होण्याआधीच त्यातली माती बाजूला काढा. एकदा पसरला की तो तिसरा नमुना हाती लागत नाही.