घसा दुखतोय? गोळी घेण्याआधी टॉर्च लावून बघा

घसा धरला की मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणायची ही आपल्याकडची जुनी खोड, पण बहुतेक वेळा घसा व्हायरल असतो आणि व्हायरसवर ती गोळी काहीच करत नाही.

मोबाईलचा टॉर्च लावा, आ करायला सांगा, जीभ आड येत असेल तर चमच्याच्या दांड्याने हलकेच दाबा, फार मागे नको नाहीतर उलटी ठरलेली. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसतात ते टॉन्सिल.

नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, घसा नुसता लाल, मग बहुतेक व्हायरलच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाला पॅरासिटामॉल, आठवड्याभरात उतरतं.

आता स्ट्रेप, म्हणजे बॅक्टेरियावालं. हे जास्त करून 5 ते 15 वर्षांच्या पोरांना होतं. ताप एकदम चढतो, थुंकी गिळतानाही कळ येते, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे-पिवळे ठिपके, जबड्याखालची गाठ दाबली की पोरगं ओरडतं, आणि मेन म्हणजे खोकला-सर्दी नसते. नुसते पांढरे ठिपके बघून मात्र ठरवू नका, काही व्हायरसमध्येही ते येतात, म्हणून डॉक्टरांकडे जा, गरज वाटली तर ते घशाचा स्वॅब घेतील. हे अंगावर काढायचं नाही कारण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स बऱ्याचदा 10 दिवसांचा असतो, पोरगं तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं तरी पूर्ण करायचा.

लहान मुलाच्या तोंडात फोड आणि तळहात-तळपायावरही पुरळ असेल तर हँड फूट माउथ. लोक कांजिण्या समजतात. व्हायरल आहे, आपोआप बरं होतं, फक्त तोंड दुखतं म्हणून पोर पाणी पीत नाही, तेव्हा गार दहीभात, ताक थोडं थोडं देत राहा आणि शू होतेय ना बघा. ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुपका आला तर तो हर्पीस, फोड असेपर्यंत पापे नकोत, तान्ह्या बाळाचे तर अजिबातच नाही. आणि नेहमीचं तोंड येणं, गालाच्या आत एखादा पांढरा फोड, ते इन्फेक्शनच नाही.

टॉन्सिलवर राखाडी, चिकटून बसलेला पडदा दिसला, त्यात लसी चुकल्या असतील, तर घटसर्पाची शंका घ्या, पडदा खरवडू नका, रक्त येतं. तोंड उघडत नाही, लाळ गळतेय, श्वासाला घरघर आहे, अशा वेळी चमचा-बिमचा घालत बसू नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.