रायटर, जादा वेळ आणि तळमजल्याचा वर्ग: बडोद्यात दिव्यांग विद्यार्थ्याने कॉलेजकडे काय, कधी आणि कसं मागावं

अकरावीत असताना मी पहिल्यांदा रायटर म्हणून, म्हणजे परीक्षेत दुसऱ्याने सांगितलेली उत्तरं लिहून द्यायला बसले. दांडिया बाजारात आमच्या मागच्या गल्लीतला एक दादा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. त्याला दिसत नाही. आमची ओळख येता-जाता हाक मारण्यापुरतीच. पेपरला तो भराभर सांगत गेला आणि मी मागे पडत गेले. जादा वेळेसाठी त्याने अर्ज दिला होता, पण कागद ऑफिसातच राहिला. वर्गावरच्या सुपरवायझरना कुणी कळवलंच नव्हतं. तीन तास झाले आणि उत्तरपत्रिका उचलली गेली. शेवटचा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर दादाला येत होतं, तो सांगायला लागलाही होता.

पुढे मी बऱ्याच जणांसाठी लिहिलं. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी दाखला

बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरा, मग तपासणीला जा. बडोद्यात बहुतेक जण सयाजी हॉस्पिटल, म्हणजे एसएसजीमध्ये जातात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात डिस्लेक्सिया, सिकल सेल, थॅलेसेमिया, मानसिक आजारही येतात, हे अनेक घरांत माहीतच नसतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या कमाल अटीत 5 वर्षांची सूट मिळते.

आपल्या मराठी घरांसाठी एक खास सूचना. शाळेच्या दाखल्यावर वडील 'सुरेशभाई', आधारवर 'सुरेश', आजोबांच्या हौसेने कुठे 'सुरेशराव'. आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी. हे आत्ताच सारखं करून घ्या. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात यासाठी धावपळ करणारे पालक मी पाहिलेत, फार जीव तुटतो.

मग अर्ज

'मला सेरेब्रल पाल्सी आहे, कृपया सहकार्य करावे' एवढंच लिहिलं, तर क्लार्कने करायचं काय? आजाराचं नाव एका ओळीत लिहा आणि मग अडचण कुठे येते आणि त्यावर काय हवं ते सांगा. 'मला जिना चढता येत नाही, म्हणून माझ्या तुकडीचे तास तळमजल्यावर ठेवावेत.' 'फळा दिसत नाही, म्हणून स्लाइड तासाच्या आदल्या दिवशी मिळाव्यात आणि तास रेकॉर्ड करू द्यावा.' 'ओठ वाचून समजतं, म्हणून पहिल्या बाकावर जागा हवी आणि शिकवताना सरांनी वर्गाकडे तोंड ठेवावं.' यातल्या बऱ्याच गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या काही इमारती फार जुन्या आहेत. वर्ग, संडास आणि लायब्ररीपर्यंतची वाट प्रवेशाआधी स्वतः जाऊन पाहा आणि अडेल तिथला फोटो अर्जाला जोडा.

अर्ज डीनच्या नावाने द्या, समान संधी कक्ष असेल तर तिथेही एक प्रत द्या. आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालयात नाव नोंदवा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीची ही ऑनलाइन लायब्ररी आहे.

परीक्षा आणि रायटर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर लिहिते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटर घेतला नाही तरी हा वेळ मिळू शकतो. लिहिता येत नसेल, पण दृष्टिहीनता, दोन्ही हातांचं दिव्यांगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी यांपैकी काही नसेल, तर सिव्हिल सर्जनसारख्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांनीही मागे हटू नये. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं, की लिहिण्याची अडचण खरी असेल तर केवळ 40 टक्के नाहीत म्हणून रायटर नाकारता येणार नाही. त्यांना रायटर्स क्रॅम्पचा, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता.

रायटरच्या शिक्षणावर मर्यादा असते. ती नेमकी किती, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला पेपरची लिपी सराईतपणे यायला हवी. घरी मराठी बोलणारी आमची मुलं गुजराती वाचतात, पण वेगाने लिहिताना अडखळतात. परीक्षेआधी निदान दोन जुने पेपर घड्याळ लावून सोबत सोडवा. 'नवा परिच्छेद', 'अधोरेखित कर', 'खोड', 'परत वाच' हे शब्द आधीच ठरवा. इंग्रजी नावांचं स्पेलिंग सांगायची सवय करा. आकृत्या असतील, तर त्या कशा काढायच्या किंवा त्याऐवजी दुसरा प्रश्न मिळेल का, हे आधीच विचारा. दुसरा रायटरही तयार ठेवा, कारण तापही परीक्षेच्याच दिवशी येतो.

शिष्यवृत्तीसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल पाहा. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची सक्षम योजना आहे, वर्षाला 50,000 रुपयांची. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून वेळेत काढा.

नाही म्हणाले तर

नकार लेखी मागा. कायद्याने प्रत्येक सरकारी संस्थेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. आधी त्यांच्याकडे जा, मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. इनवर्ड नंबरची ती प्रत इथे कामाला येते.

दादाच्या पुढच्या सेमिस्टरला आम्ही परवानगीपत्राच्या तीन प्रती काढल्या. एक ऑफिसात, एक त्याच्या खिशात, एक माझ्या कंपासपेटीत. पेपर सुरू होण्याआधी मी ती सुपरवायझर मॅडमना दिली. त्यांनी वाचली आणि फळ्यावर आमच्यासाठी संपण्याची वेगळी वेळ लिहिली.