वाड्याचं तोंड कुठे आहे? वास्तू आणि माणसं टिपताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणीतरी नवा फोटोग्राफर मला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "सर, लेन्स चांगली आहे, आकाश निळंशार आहे, मग दगड असा मेल्यासारखा का दिसतोय?"

दोष लेन्सचा नसतो. दिल्ली दरवाजा नावाप्रमाणेच उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणजे वाड्याच्या पाठीमागून. दर्शनी भिंत सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीत, आणि वर कॅमेरा उजेडाकडे रोखलेला. बुरुजांची गोलाई, नगारखाना, दगडाचे सांधे, काहीच उठून येत नाही.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण १३ मे ते ३० जुलै या काळात भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि २१ जूनच्या आसपास तो खऱ्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. म्हणजे १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर तिरपं ऊन पडण्याचे दिवस उन्हाळ्यातले. जूनमध्ये ढग येतात, म्हणून हाताशी उरतात ते एप्रिलअखेर ते मेअखेरचे चार-पाच आठवडे, तेही सकाळी लवकर किंवा मावळतीला. तेवढ्यासाठी मी वर्षभर थांबलो आहे आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. डिसेंबरातच काम आलं, तर सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं धरा. आकाशाचा उजेड आणि भिंतीचा उजेड तेव्हा एका पातळीवर येतात.

म्हणून पहिली चूक ही, की लोक इमारतीकडे पहिल्यांदा जातात तेच कॅमेरा घेऊन. आधी रिकाम्या हाती जा. फोनमधलं होकायंत्र उघडा, दर्शनी बाजू कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहा, आणि सकाळी व संध्याकाळी एकेक चक्कर मारा. या रेकीचे, म्हणजे आधीच्या पाहणीचे, पैसे क्लायंट देत नसेल तरी ती करा. पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

भिंती मागे का कलंडतात?

पेठांमधल्या रस्त्यांवर मागे सरकायला जागा नसते. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून बघा. समोरच्या फुटपाथला पाठ टेकली तरी लाकडी सज्जा पूर्ण बसत नाही. मग माणूस १६ मिलिमीटरची रुंद लेन्स लावतो आणि कॅमेरा वर करतो. कॅमेरा वर झुकला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकायला लागतात आणि वाडा मागे पडतोय असं वाटतं.

"नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू" हा विचार इथे महागात पडतो. रेषा सरळ करताना चित्राचा वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. कडेला जागा सोडली नसेल तर वाड्याचा कोपराच जातो, आणि तो परत आणता येत नाही. त्यापेक्षा कॅमेरा पातळीत ठेवा, खाली नकोसा रस्ता आला तर येऊ द्या, नंतर कापा. त्याहून चांगलं म्हणजे समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जाऊन विनंती करा. "काकू, वाड्याचा फोटो काढायचाय, पाच मिनिटं गॅलरीत उभा राहू का?" असं विचारल्यावर मला नकार क्वचितच मिळाला आहे. दर्शनी भागाच्या निम्म्या उंचीवर कॅमेरा गेला की रेषांचं भांडणच मिटतं. वास्तूचं काम नेहमी करणार असाल तर २४ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता चौकट वर सरकवू देणारी) आधी भाड्याने घेऊन बघा, लगेच विकत घेऊ नका.

उंच मनोऱ्याच्या रेषा मात्र अगदी समांतर करू नका. माणसाची नजर थोडं निमुळतेपण गृहीत धरते. पूर्ण सरळ केला तर मनोरा डोक्याकडे जड वाटतो.

काळा दगड मीटरला फसवतो

आपल्याकडच्या जुन्या बांधकामात काळा पाषाण फार. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर दिसेल त्याला मधल्या राखाडीवर आणू पाहतं. फ्रेमभर काळा दगड असेल तर तो पांढुरका, धुतल्यासारखा येतो. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). याच्या उलट, फ्रेममध्ये निम्मं भगभगीत आकाश असेल तर तोच दगड कोळसा होतो. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे आठव्या शतकातलं लेणं या दोन्ही चुका एकाच जागी करायला लावतं. बाहेर नंदीचा गोल मंडप उन्हात, आत खांब अंधारात. एका फोटोत दोन्ही मावणार नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन किंवा पाच फ्रेम घ्या, आणि जोडताना आतला अंधार थोडा राहू द्या. लेण्यात दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसलं तर ते लेणं उरत नाही.

पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. ओलसर कपाटात बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं.

मंडई: उजेडही मिसळलेला, माणसंही

१८८६ ची महात्मा फुले मंडई, मधला अष्टकोनी मनोरा, आणि त्याभोवती गाळे. आत वरून दिवसाचा निळसर उजेड उतरतो, गाळ्यांवर पिवळे आणि पांढरे दिवे. सगळं एकाच व्हाइट बॅलन्सवर (उजेडाच्या रंगानुसार करायच्या जुळवणीवर) आणायला गेलात तर एक तर कोथिंबीर निळी होते, नाही तर चेहरे हिरवे. चेहऱ्यावर जो उजेड आहे त्याला प्रमाण माना, बाकीचे रंग आपापल्या जागी राहू द्या. फोटोवर आडवे काळे पट्टे येत असतील तर कारण दिवे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, पट्टे जातात.

माणसांच्या बाबतीत तांत्रिक चूक एकच सांगतो. रुंद लेन्सच्या कडेला कुणाला उभं करू नका, डोकं आणि हात ताणले जातात. माणूस फ्रेमच्या मधल्या एक-तृतीयांश भागात हवा.

खरी चूक वेगळी आहे. दूरवरून लांब लेन्सने चोरून टिपायचं आणि त्याला सहजपणा म्हणायचं. मंडईत पहाटेपासून बसलेली मावशी म्हणजे देखावा नव्हे, ती तिच्या कामावर आहे. आधी पावशेर मिरच्या घ्या, बोला, मग विचारा. ती नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर पुढच्या आठवड्यात छापील फोटो नेऊन द्या. मी दिलेले काही फोटो गाळ्यावर वजनकाट्याशेजारी लावलेले आहेत, आणि तिथे मला आता कुणी "कशाला काढताय?" असं विचारत नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा तर हे अधिकच पाळा. नळावर अंघोळ करणाऱ्या, थकून पाय पसरून झोपलेल्या वारकऱ्यांचे फोटो काढू नका. चांगला उजेड हे त्याचं समर्थन होत नाही.

कागद आधी

शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत. तिथे त्रिपॉड लावायला आधी परवानगी काढा. ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय राहू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, शिवाय कॅम्प आणि खडकवासल्याचा लष्करी परिसर.

शेवटची चूक माझ्या हातून झालेली आहे. एका बांधकाम व्यावसायिकासाठी मी इमारतीचे फोटो काढले, फक्त त्याच्या माहितीपत्रकासाठी असं तोंडी ठरलं होतं. वर्षभराने तेच फोटो चौकातल्या होर्डिंगवर आणि दोन पुरवठादारांच्या जाहिरातींत दिसले. मी भांडायला गेलो, तेव्हा वकिलांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ दाखवलं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. मला हे दहा वर्षं धंदा करून माहीत नव्हतं, आणि त्याचा राग मला अजून येतो.

आता कोटेशनसोबत एक पान जातं. हक्क फोटोग्राफरकडे राहतील, वापर कुठे, किती काळ, आर्किटेक्ट किंवा पुरवठादारांना हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे, आणि फोटोखाली नाव. त्या पानावर सही झाल्यावरच मी शूटची तारीख वहीत लिहितो.